भविष्याच्या पाट्या

‘वाइपआउट’ हा गेम मला धड कधीच खेळता आला नाही. आतेभाऊ पुढे मांडी ठोकून प्लेस्टेशनचा कंट्रोलर पिळत असायचा आणि मी मागे पलंगावर बसून बघायचे. तो शर्यत बघायचा, मी भिंती बघायचे. तेव्हा अप्लाइड आर्टला होते. अक्षरं, चिन्हं आणि छपाई यांच्यापलीकडे डोक्यात दुसरं काही नसायचं. पुढे याच धंद्यात पडले. आधी पॅकेजिंग, मग इमारतींमधल्या दिशादर्शक पाट्या, आणि आता जोडीला थोडं शिकवणं. वर्गातली मुलं विचारतात, मॅडम, तुम्ही कुणाकडून शिकलात? मी गुरुजींची नावं घेते, अक्षरकार कमल शेडग्यांचं नाव घेते, आणि मग एका रेसिंग गेमचं नाव घेते. पोरं हसतात. त्यांच्यासाठी एकदा सविस्तर लिहून ठेवते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. लिव्हरपूलला ‘सिग्नोसिस’ नावाची गेम बनवणारी कंपनी होती, १९८४ साली सुरू झालेली. १९९३ मध्ये ती सोनीने विकत घेतली. सप्टेंबर १९९५ मध्ये युरोपात प्लेस्टेशन आलं, त्याच्यासोबत सिग्नोसिसचा ‘वाइपआउट’ आला: साल २०५२, जमिनीला न टेकता धावणारी यानं, हातात क्षेपणास्त्रं आणि सुरुंग, कानात नाइटक्लबचं संगीत. १९९६ मध्ये ‘वाइपआउट २०९७’ आला (अमेरिकेत त्याला ‘एक्सएल’ म्हणत) आणि १९९९ मध्ये तिसरा भाग. या तिन्हींना चेहरा दिला तो शेफील्डच्या ‘द डिझायनर्स रिपब्लिक’ या ग्राफिक डिझाइनच्या स्टुडिओने. मी जे शिकले ते मुख्यतः याच तीन गेममधून.

१. आधी कंपनी उभी करा, यान मागून येईल

भविष्यकाळ काढा म्हटलं की विद्यार्थी आधी गाडी काढतात. टोकदार, चकचकीत, खालून निळा उजेड. वाइपआउटमधली यानं बघितली तर मोजक्या त्रिकोणांची, साधी आहेत. त्यांच्यामागे मात्र एकेक संस्था उभी आहे, आणि त्या संस्था पटतात.

‘फायसार’ घ्या. फेडरल युरोपियन इंडस्ट्रियल सायन्स अँड रिसर्च. नाव वाचतानाच समित्या, फायली आणि मंजूर न झालेली अनुदानं दिसू लागतात. हा गेम बनत होता तेव्हा युरोपीय संघ नुकताच, १९९३ च्या नोव्हेंबरात, जन्माला आला होता. चार देशांनी मिळून विमान बनवायचं ही एअरबसची पद्धत तर सगळ्यांना ठाऊक होती. त्यामुळे सरकारी पैशावर चालणारा युरोपचा एक रेसिंग संघ असेल, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ‘एजी सिस्टिम्स’ जपानची, ‘ऑरिकॉम’ उत्तर अमेरिकेची, ‘किरेक्स’ रशियाची. चारही नावं अशी की त्यांचं वार्षिक अहवालाचं पुस्तक निघत असणार.

मग येतं बोधचिन्ह. रिपब्लिकने या संघांची चिन्हं अशी काढली की ती यानाच्या पंखावर चालतील, टी-शर्टवर चालतील, आणि काळ्या शाईत पावतीच्या कोपऱ्यात छापली तरी चालतील. खऱ्या कंपनीचं चिन्ह या तिन्ही ठिकाणी तग धरतं. खोट्या कंपनीचं चिन्ह बहुधा फक्त पोस्टरवर शोभतं. जेवढं साधं, थोडं रुक्ष, कामापुरतं, तेवढं ते खरं वाटतं. गेममध्ये कुठेही ‘हे भविष्य आहे’ असं ओरडून सांगितलेलं नाही; तिथल्या कंपन्या आपापलं नाव लावून गुपचूप धंदा करताहेत आणि आपण मधून चाललोय.

हे मला एका गृहप्रकल्पाच्या पाट्या करताना फार उपयोगी पडलं. बिल्डरसाहेबांना ‘एकदम फ्युचरिस्टिक’ पाहिजे होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर एलईडीच्या पट्ट्या. मी त्यांना विचारलं, या इमारतीची देखभाल करणारी कंपनी वीस वर्षांनी पाट्या कशा लावेल? मग आम्ही मोठे आकडे, मजल्यांचे सांकेतिक क्रमांक, शाफ्टच्या दारांवर नुसती अक्षरं आणि एकच नारिंगी रंग एवढ्यावर सगळं बसवलं. साहेब आधी हिरमुसले. इमारत उभी राहिल्यावर त्यांनी स्वतः पाहुण्यांना जिन्यात नेऊन ते आकडे दाखवायला सुरुवात केली.

२. हिशेब मांडल्याशिवाय सौंदर्यावर बोलू नये

त्या गेममध्ये सगळं एवढं सपाट आणि ठसठशीत का दिसतं, याचं उत्तर मी बरीच वर्षं ‘स्टाइल’ या शब्दात देत असे. नंतर यंत्राचा हिशेब वाचला.

पहिल्या प्लेस्टेशनमध्ये चित्रांसाठी राखलेली मेमरी होती १ मेगाबाइट. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर सूर्योदयाचे फोटो येतात, त्यातले मोजकेच तिथे मावतील. आता पडदा ३२० ठिपके रुंद आणि २४० उंच धरा. प्रत्येक ठिपक्याला २ बाइट, म्हणजे एका पडद्याचे १,५३,६०० बाइट. असे दोन पडदे लागतात, कारण एक दिसत असताना दुसरा तयार होत असतो. झाले ३,०७,२००. उरलेल्या साधारण ७०० किलोबाइटमध्ये रस्ता, डोंगर, आकाश, आठ यानं, स्फोट, आकडे आणि जाहिरातींचे फलक बसवायचे. ६४ ठिपके रुंद आणि ६४ उंच असा एक चौकोनी तुकडा पूर्ण रंगात ठेवला तर ८ किलोबाइट खातो. तोच १६ रंगांवर आणला की २ किलोबाइट.

आता १६ रंगांत तुम्ही गंजलेल्या लोखंडाचा फोटो बसवा. चिखल होतो. तिथे तीन रंगांचं बोधचिन्ह बसवा, काहीही बिघडत नाही. तेरा रंग हातात उरतात. शिवाय या यंत्राला दृश्यखोलीप्रमाणे चित्र नीट ताणता येत नसे. यान भिंतीजवळ गेलं की भिंतीवरच्या सरळ रेषा वाकड्यातिकड्या होऊन थरथरायच्या. विटांची भिंत अशी थरथरली की लगेच खोटी वाटते, जाड बाण थरथरला तर डोळा माफ करतो. माझं मत स्पष्ट आहे: त्या यंत्रावर जग श्रीमंत दाखवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग ग्राफिक डिझाइन हाच होता. रिपब्लिकची सपाट, कडक रेषांची शैली आधीपासूनची होती, ती या यंत्रासाठी घडवलेली नव्हती. पण जोडी जमली ती जमलीच.

फरसाणाच्या पिशव्या करताना आमच्याकडे हाच खेळ चालायचा. फ्लेक्सो छपाईत दोन रंग, आणि छापताना ते एकमेकांवर नेमके न बसता सरकणार हे गृहीत. रंग एकमेकांना जिथे भिडतात तिथे जाड काळी रेघ टाकायची, म्हणजे सरकलेलं दिसत नाही. बाजारात उठून दिसायच्या त्या पिशव्या, आणि लोक म्हणायचे काय बोल्ड डिझाइन आहे. बोल्डपणा मशीनने घालून दिलेला होता, आम्ही तो फक्त आनंदाने स्वीकारला.

३. वेगात जे वाचता येतं तेवढंच लिहावं

रस्त्यावर निळ्या बाणांचे पट्टे असत. त्यावरून गेलं की यान झेपावतं. शस्त्रं देणारे चौकोन वेगळे दिसत. या दोन खुणांसाठी कुठेही शब्द नाही, आणि लागतही नाही. वळणावरच्या भिंतीवर एकामागून एक बाण. आपल्या घाटांत लावतात तेच. वेगाचा आकडा वाचत बसावं लागत नाही, कोपऱ्यातली पट्टी भरते आणि रिकामी होते. कितव्या क्रमांकावर आहात तो आकडा मात्र मोठा, कारण तो वाचल्यावरच माणूस चिडतो.

आतेभावाला मी एकदा विचारलं, त्या बोगद्याच्या तोंडाशी काय लिहिलंय? त्याला सांगता आलं नाही. शेकडो वेळा तिथून गेलेला माणूस. पण बोगदा कुठल्या बाजूला वळतो हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं, कारण डावा आणि उजवा एअरब्रेक कंट्रोलरच्या मागच्या बटणांवर होता आणि भिंतीवरचा रंग बदलला की बोट आपोआप दाबलं जाई. पाटी वाचली गेली नाही आणि तरी तिने काम केलं. रुग्णालयाच्या पाट्या करताना मी हे सतत आठवते. स्ट्रेचर ढकलणारा माणूस पाटी वाचत नाही, तो रंग पकडतो.

डोळ्यांना झेपेल तेवढंच, याचा एक धडा या मालिकेला उशिरा मिळाला. प्लेस्टेशन ३ साठीचा ‘वाइपआउट एचडी’ २००८ मध्ये यायचा होता. लखलखाटाने अपस्माराचा झटका येऊ शकतो का, ही चाचणी तो पास झाला नाही आणि प्रकाशन लांबलं. दुरुस्त्या करून त्याच वर्षी सप्टेंबरात तो आला. चमकणाऱ्या पडद्यांचे फलक मागणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला मी ही गोष्ट सांगते. काही ऐकतात.

४. चित्र आणि सूर एकाच गल्लीतले असावेत

वाइपआउटची कल्पना निघाली लिव्हरपूलजवळच्या बर्कनहेडमधल्या एका पबात, निक बरकोम आणि जिम बोअर्स यांच्या गप्पांतून. बरकोम हा ‘सुपर मारियो कार्ट’ खेळताना गेमचा आवाज बंद करून स्वतःचं ट्रान्स संगीत लावायचा. तिथून धागा लागला: शर्यत आणि क्लबचं संगीत यांची लय एक करायची. मग प्रश्न आला की याचा चेहरा कोण करणार?

शेफील्ड हे पोलादाचं गाव. तिथे १४ जुलै १९८६ रोजी, बरोबर फ्रेंच क्रांतीच्या दिवशी, इयन अँडरसनने डिझायनर्स रिपब्लिक काढलं. हा माणूस डिझाइन शिकलेलाच नाही. विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकला आणि बँडची पत्रकं काढता काढता या धंद्यात आला. त्याच शेफील्डमध्ये १९८९ साली ‘वॉर्प रेकॉर्ड्स’ सुरू झालं, इलेक्ट्रॉनिक संगीताचं पुढे जगभर गाजलेलं लेबल. त्यांच्या रेकॉर्डची वेष्टणं रिपब्लिक करायचं. म्हणजे ज्या संगीतावर सिग्नोसिसची पोरं नाचत होती, त्याची पाकिटं आधीच या लोकांनी केलेली होती. गेमवाल्यांनी बाहेरचा ‘भविष्य-तज्ज्ञ’ शोधला नाही. ऐकत होते त्या संगीताच्या पाकिटावर ज्याची सही होती, त्यालाच गाठलं.

पहिल्या गेमचं बरंचसं संगीत ‘कोल्ड स्टोरेज’ या नावाने लिहिणाऱ्या टिम राइटचं. युरोपातल्या आवृत्तीत लेफ्टफील्ड, केमिकल ब्रदर्स आणि ऑर्बिटल यांचे तुकडेही होते. ‘२०९७’ मध्ये प्रॉडिजी, अंडरवर्ल्ड, फ्यूचर साउंड ऑफ लंडन आले. गंमत म्हणजे डिस्क साध्या सीडी प्लेअरमध्ये घातली तरी गाणी वाजायची, पहिला ट्रॅक तेवढा सोडून द्यायचा. तो गेमचा डेटा. मी कॉलेजच्या कितीतरी असाइनमेंट त्या डिस्कवर केल्या. गेम हाती न घेता त्याचं पाकीट समोर ठेवून त्याचं संगीत ऐकणारी मी एकटीच नसणार.

सोनीच्या इंग्लंडमधल्या विक्री खात्याने हे ओळखलं होतं. त्यांनी प्लेस्टेशन नाइटक्लबांमध्ये नेऊन ठेवलं. पहिल्या गेमच्या जाहिरातीत मात्र नाकातून रक्त येणारी दोन तरुण माणसं दाखवली, त्यातली एक सारा कॉक्स, पुढे रेडिओवर प्रसिद्ध झाली ती. नावातलं मधलंच एक अक्षर मोठं काढलेलं, त्यावरून अमली गोळ्यांचा इशारा लोकांनी वाचला आणि गदारोळ झाला. ती जाहिरात मला आजही आवडत नाही. चिन्हांमध्ये एवढी ताकद असताना धक्क्याची गरज नव्हती.

५. पाकिटापासून पडद्यापर्यंत हात एकच हवा

गेम विकत घेणारा आधी खोका बघतो, मग पुस्तिका चाळतो, मग मेन्यू, मग शर्यत. बहुतेक गेमांत या चार गोष्टी चार खात्यांनी केलेल्या असत आणि ते कळत असे: खोक्यावर तैलचित्र, आत टाइपरायटरचा मजकूर, पडद्यावर तिसरंच काही. इथे खोक्यावर जे अक्षर, तेच पुस्तिकेत, तेच यानाच्या पंखावर. गेम सुरू होण्याआधीच तुम्ही त्या शर्यतीच्या प्रशासनाशी पत्रव्यवहार सुरू केलेला असतो.

आपल्याकडे चोरून आलेल्या डिस्क मिळत, प्लास्टिकच्या पातळ पिशवीत, झेरॉक्स केलेल्या कव्हरसकट. त्या झेरॉक्समध्येही हे अक्षर टिकायचं. चांगल्या बोधचिन्हाची एवढी कडक परीक्षा कुठलंही महाविद्यालय घेत नाही.

६. खोट्यांच्या रांगेत खरा वेडा दिसतो

‘२०९७’ मध्ये रस्त्याकडेला रेड बुलच्या खऱ्या जाहिराती होत्या. काल्पनिक कंपन्यांच्या फलकांमध्ये तेवढीच एक गोष्ट मला बनावट वाटायची.

७. परकी लिपी दागिन्यासारखी घालू नये

आता तक्रारीचा मुद्दा. रिपब्लिकला जपानी कंपन्यांच्या चिन्हांचं आणि काताकाना लिपीचं वेड होतं. त्यांच्या कामात ती अक्षरं जागोजागी येतात, पुष्कळदा नक्षीसारखी. नव्वदच्या दशकात इंग्लंडमधल्या पोरांना भविष्य म्हणजे टोकियो वाटत होतं, आणि सोनीचा गेम असल्यामुळे ते शोभलंही. पण त्याचा परिणाम असा झाला की पुढच्या पिढीने भविष्य म्हटलं की काताकाना लावायची सवय लावून घेतली.

माझ्या वर्गात दरवर्षी कुणीतरी ‘भविष्यातली मुंबई’ हा विषय घेतं. गुलाबी निऑन, पाऊस, आणि दादरच्या पुलावर जपानी अक्षरं. मी विचारते, हे कुणी वाचायचं? २०९७ सालच्या ठाण्यात पाट्या कुठल्या लिपीत असतील? उत्तर येत नाही. देवनागरी लावून बघा म्हटलं तर म्हणतात, मॅडम, ती जुनी दिसते. ही त्या लिपीची चूक नाही. देवनागरीचं भविष्यातलं रूप कुणी काढून ठेवलेलंच नाही, म्हणून ती सणाच्या फ्लेक्सवरच दिसत राहते.

‘२०९७’ मध्ये एक रस्ता नेपाळमधला आहे, नाव सगरमाथा. एव्हरेस्ट न म्हणता सगरमाथा म्हटलं, याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. पण त्या रस्त्याच्या भिंतींवर माझ्या डोळ्यांना देवनागरी कधी दिसली नाही. नाव घेतलं, अक्षर घेतलं नाही.

म्हणून मी स्वतःच बसले. ६४ ठिपक्यांच्या चौकोनात, १६ रंगांत, एका काल्पनिक कोकणी रेसिंग संघाचं नाव. पहिली अडचण: रोमन मोठ्या अक्षरांना वर-खाली काही लागत नाही, सगळी उंची अक्षरालाच मिळते. देवनागरीत वर वेलांटी आणि रफार, खाली उकार. तिघांना जागा दिली की मधलं अक्षर निम्म्यावर येतं. दुसरी अडचण शिरोरेषेची. वेगात ती पुढच्या-मागच्या अक्षरांना जोडून एक सलग पट्टा होते आणि खालची अक्षरं त्या पट्ट्याला लटकलेल्या आडव्या-उभ्या काड्या वाटतात. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ तर लांबून एकच.

मग उलट विचार केला. तो पट्टा होणारच असेल तर होऊ दे, त्यालाच वेगाची रेषा करावं. शिरोरेषा जाड केली, डावीकडे अक्षरांच्या पुढे लांब खेचली, उजवीकडे तिरकी तोडली. उकार असलेली नावं टाळली. ‘घ’ चं तोंड मुद्दाम जास्त उघडं ठेवलं. यानाच्या कुशीवर ते नाव बसलं तेव्हा शिरोरेषा थेट पंखाच्या कडेला जाऊन मिळाली. रोमन अक्षराला हे जमलंच नसतं, त्याच्याकडे ती रेषाच नाही. हे काम कुठे छापून आलेलं नाही, माझ्या भिंतीवर आहे. पण तेव्हापासून ‘देवनागरी जुनी दिसते’ हे वाक्य माझ्या वर्गात चालत नाही.

८. शेजारच्या गल्लीतही गाव वसतं

सगळ्यांनी हाच रस्ता धरला असं नाही, आणि धरायलाच हवा होता असंही नाही. निन्टेन्डोचा ‘एफ-झीरो’ १९९० मधला, म्हणजे वाइपआउटच्या आधीचा. त्यांचा कल कॉमिक्सकडे: पुस्तिकेतच छोटी चित्रकथा, कॅप्टन फाल्कनसारखे पीळदार नायक. १९९८ च्या ‘एफ-झीरो एक्स’ मध्ये एकाच वेळी ३० यानं आणि सेकंदाला ६० चित्रं, आणि त्यासाठी त्यांनी रस्त्याच्या बाजूचा देखावा जवळजवळ काढूनच टाकला. तिथे जग नाही, नुसता वेग आहे. खेळ म्हणून तो वाइपआउटपेक्षा सरस आहे असं आतेभाऊ शपथेवर सांगतो. असेल. मागे पलंगावर बसून बघायला मात्र त्यात काही नाही.

नामकोच्या ‘रिज रेसर टाइप ४’ ची आठवण इथे काढलीच पाहिजे, तो भविष्यातला नसला तरी. १९९८ च्या अखेरचा. त्याच्या मेन्यूतला पिवळा रंग आणि संघांची चिन्हं बघितली की कळतं, शर्यतीच्या गेमला ग्राफिक डिझाइनर लागतो ही गोष्ट जपानलाही पटली होती.

९. सगळे ओरडू लागले की आवाज खाली आणावा

१९९९ पर्यंत वाइपआउटसारखं दिसणं ही फॅशन झाली होती. क्लबची पत्रकं, शीतपेयांचे डबे, बँकांच्या तरुणांसाठीच्या योजना, सगळीकडे कोपरे कापलेली अक्षरं. तिसऱ्या भागात रिपब्लिकने मग रंग उतरवले. फिकट करडे, पांढरे, बारीक रेषा, मोकळी जागा. मेन्यू तर एखाद्या वास्तुविशारदाच्या नकाशासारखे शांत. तो भाग फारसा खपला नाही. माझ्या मते तिन्हींत तोच सगळ्यात चांगला दिसतो, आणि आजच्या फोनच्या पडद्यांशी त्याचंच नातं सगळ्यात जवळचं आहे. खपाचा आणि दिसण्याचा संबंध किती, हे आमच्या धंद्यात कुणाला सांगायला नको.

१०. नक्कल करणारा बाण उचलतो, कचेरी विसरतो

२००२ चा ‘वाइपआउट फ्युजन’ रिपब्लिकशिवाय झाला. यानं होती, वेग होता, पण ती जागा कुठल्याही विज्ञानपटातली वाटली. अलीकडे तुरीनच्या मंडळींचा ‘रेडआउट’ (२०१६) आला, ‘बॅलिस्टिकएनजी’ (२०१८) आला. बॅलिस्टिकएनजीवाले तर जुन्या प्लेस्टेशनची थरथरही जाणूनबुजून आणतात, आणि ते मला मनापासून आवडतं. पण बहुतेक अनुकरणांत बाण येतात, षटकोन येतात, तिरकी अक्षरं येतात; फायसारचा कंटाळवाणेपणा येत नाही. नियम करणाऱ्या समितीचा वास येत नाही. तो आला नाही तर बाकीचं सगळं वॉलपेपर.

११. स्टुडिओ बंद होतात

डिझायनर्स रिपब्लिक जानेवारी २००९ मध्ये बंद पडलं. अँडरसनने ते पुढे लहान स्वरूपात पुन्हा चालू केलं. सिग्नोसिसचं नाव सोनीने आधीच पुसून ‘स्टुडिओ लिव्हरपूल’ केलं होतं, तो स्टुडिओ ऑगस्ट २०१२ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी त्यांचा ‘वाइपआउट २०४८’ आला होता. २०१७ च्या ‘ओमेगा कलेक्शन’ मध्ये जुन्या भागांना नवे कपडे मिळाले, पण ते दुसऱ्या हातांनी शिवलेले. जगभर वाखाणलेलं काम केलं म्हणून दुकान चालतंच असं नाही. मुलांनी हे पहिल्या वर्षीच ऐकलेलं बरं, आणि सोबत कोटेशन कसं लिहायचं तेही शिकावं.

१२. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी

पहिला भाग सोडा, तो भिंतीला घासलं की यान थांबवतो आणि माणसाचा धीर सुटतो. ‘२०९७’ पासून सुरू करा. एक शर्यत जिंकण्यासाठी खेळा, आणि दुसरी मुद्दाम शेवटच्या क्रमांकावर राहून, हळू, भिंती बघत. फलक दिसला की थांबून तो वहीत काढा, मग त्यातले रंग मोजा. त्यानंतर कागदावर चौकोन आखा, ६४ बाय ६४, आणि आपल्या गावाच्या रेसिंग संघाचं नाव देवनागरीत बसवा. सांगली, पणजी, बडोदा, काहीही चालेल. देवनागरीत हे काम अजून जवळजवळ कुणी केलेलं नाही, जागा मोकळी आहे, आणि गेम बनवणारी तरुण मंडळी पुण्या-मुंबईत आता आहेत. त्यांच्याकडे प्रोग्रामर पुष्कळ असतात. अक्षर काढणारा नसतो. जाऊन भेटा.